फॅन्सी गप्पीची पारख : पर, नक्षी आणि रंगांचे थर

न्हावा शेवा आणि उरणच्या परिसरात गप्पी हा मासा लोकांच्या ओळखीचा झाला तो शोभेपेक्षा हिवतापामुळे. ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ ही आरोग्य खात्याची घोषणा महाराष्ट्रातील प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आणि ग्रामपंचायतींच्या भिंतींवर वर्षानुवर्षे रंगवली जात आली आहे. विहिरी, हौद, बांधकामाच्या जागी साठलेले पाणी अशा सहजी उपसता न येणाऱ्या ठिकाणी डासांच्या अळ्या खाण्यासाठी हे मासे सोडले जातात. २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाल्यावर या भागातील डासांच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आली. एडिस हा डेंग्यू पसरवणारा डास जहाजांतून आणि मालातून, विशेषतः जुन्या टायरांत साचलेल्या पाण्यातून, खंडोखंडी पोहोचलेला असल्यामुळे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांप्रमाणे बंदराच्या वापरातील जागेभोवती किमान ४०० मीटरच्या पट्ट्यात रोगवाहक कीटकांवर नियंत्रण ठेवावे लागते. अशा मुलखात साचलेले पाणी आणि त्यातला गप्पी यांचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही.

उरणच्या विहिरीतला हा करड्या रंगाचा, बोटाच्या पेराएवढा मासा आणि उलव्यातील किंवा द्रोणागिरीतील एखाद्या घरात काचेच्या टाकीत झुलत्या शेपटीने फिरणारा ‘फॅन्सी गप्पी’ हे एकाच जातीचे मासे आहेत, हे मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही. दोघांचेही शास्त्रीय नाव पोसिलिया रेटिक्युलाटा हेच आहे. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून, हव्या त्या नराची हव्या त्या मादीशी जोडी लावून जे प्रकार तयार केले, त्यांना वाण म्हणावे. जाती एकच, वाण अनेक. दुकानातील पाटीवर लिहिलेले नाव म्हणजे वाणाची खात्री, असे हौशी माणूस सुरुवातीला धरून चालतो. प्रत्यक्षात ती नावे व्यापारात बनतात, बदलतात, एकमेकांना जोडली जातात, आणि एकच मासा दोन दुकानांत दोन नावांनी विकला जातो. म्हणून गप्पीची खरी पारख पाटी वाचून होत नाही. अंगाचा मूळ रंग, धडावरची नक्षी, शेपटीवरची नक्षी आणि परांचा आकार हे चार थर सुटे सुटे वाचता आले, म्हणजे कोणत्याही नावाच्या मागे काय आहे ते कळू लागते.

या माशाचे मूळ घर व्हेनेझुएला, गयाना, त्रिनिदाद हा दक्षिण अमेरिकेचा ईशान्य भाग आणि त्यालगतची काही बेटे. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ विल्हेल्म पेटर्स यांनी १८५९ मध्ये व्हेनेझुएलातील नमुन्यांवरून त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. पुढे त्रिनिदादमध्ये राहणाऱ्या रॉबर्ट जॉन लेचमीअर गप्पी यांनी पाठवलेल्या नमुन्यांवरून ब्रिटिश म्युझियममधील आल्बर्ट गुंथर यांनी १८६६ मध्ये त्याला त्यांचेच नाव दिले. ते शास्त्रीय नाव टिकले नाही, पण बोलण्यातले नाव जगभर रुजले. भारतात हा मासा १९०८ च्या सुमारास मेजर सेली यांनी आणला, आणि त्यामुळे काही भागांत तो ‘सेलीचा मासा’ म्हणूनही ओळखला गेला. म्हणजे भारतातील त्याचा प्रवास डासांच्या बंदोबस्तापासून सुरू झाला, काचेच्या टाकीतली त्याची मिरवणूक नंतरची.

पारख करण्यापूर्वी नर आणि मादी यांतला फरक पक्का असावा लागतो, कारण वाणाची जवळजवळ सगळी लक्षणे नरावर दिसतात. नर तीन-साडेतीन सेंटिमीटरचा, सडपातळ, रंगीत. मादी त्याच्या दीडपट मोठी, पोटाने भरलेली, बहुधा करडी. नराचा गुदपर, म्हणजे पोटाखाली मागच्या बाजूस असलेला पर, निमुळता होऊन सुईसारखा बनलेला असतो. त्याला गोनोपोडियम म्हणतात आणि त्याच्या साहाय्याने नर मादीच्या शरीरात शुक्राणू सोडतो. मादी अंडी न घालता साधारण महिनाभराने थेट पिल्लांना जन्म देते, आणि एकदा मिळालेले शुक्राणू ती कित्येक महिने शरीरात साठवून ठेवू शकते. दुकानातील मिश्र टाकीतून उचललेली मादी घरी आणून तिची उत्तम नराशी जोडी लावली, तरी पहिल्या काही वेतांतील पिल्ले भलत्याच नराची निघतात, त्याचे कारण हेच.

रंग नरालाच का, या प्रश्नाने आनुवंशिकशास्त्राला एक महत्त्वाचा पुरावा मिळवून दिला. डेन्मार्कमधील योहान्स श्मिट यांनी १९२० मध्ये दाखवले की, गप्पीच्या पाठीवरच्या परावरील काळा ठिपका बापाकडून फक्त मुलग्यांकडे जातो. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील ओय्विंड विंगे यांनी १९२२ मध्ये त्याचा उलगडा केला : हा गुण ठरवणारे जनुक नरातच असणाऱ्या वाय गुणसूत्रावर बसलेले असते. गप्पीचे अनेक रंगगुण वाय गुणसूत्रावर आहेत, काही एक्सवर आहेत, तर काही लिंगाशी संबंध नसलेल्या इतर गुणसूत्रांवर आहेत. ही विभागणी ध्यानात ठेवली, तर दुकानात उभे राहूनही पुष्कळ गोष्टींचा अंदाज बांधता येतो.

पहिला थर अंगाच्या मूळ रंगाचा. माशाच्या कातडीत काळ्या, पिवळ्या आणि लाल रंगद्रव्यांच्या पेशी असतात, आणि त्यांच्या जोडीला प्रकाश परावर्तित करणाऱ्या स्फटिकांच्या पेशी असतात, ज्यांमुळे चंदेरी, निळी आणि धातूसारखी झाक येते. रानटी गप्पीत काळ्या पेशी भरपूर असून खवल्यांच्या कडांना त्या दाटतात, त्यामुळे अंगावर बारीक जाळी दिसते. या मूळ रंगाला ‘ग्रे’ म्हणतात. काळे रंगद्रव्य कमी झाले की अंग फिकट पिवळसर होते आणि जाळी पुसट होते, तो ‘ब्लाँड’. काळे रंगद्रव्य अजिबात नसेल तर डोळे लाल दिसतात, तो ‘अल्बिनो’. मासा वरून पाहिला तर हा थर सर्वांत चटकन कळतो, कारण पाठीवर नक्षी कमी आणि मूळ रंग अधिक असतो. नावांचा गोंधळ मात्र इथूनच सुरू होतो : युरोपातील हौशी मंडळी ज्याला ब्लाँड म्हणतात त्याला अमेरिकेत गोल्ड म्हणतात, आणि युरोपातला गोल्ड अमेरिकेत ब्राँझ ठरतो. परदेशी पुस्तक हाती धरून मासा ओळखू पाहणाऱ्याने ते कुठले आहे हे आधी पाहिलेले बरे. मादीची पारख करताना तर या थराला फारच मोल आहे, कारण अनेक वाणांत मादीवर दिसणारी तेवढीच एक खूण असते.

दुसरा थर धडावरच्या नक्षीचा, आणि पारखीचा खरा आनंद इथे आहे. सर्वांत सोपा प्रकार ‘टक्सिडो’ किंवा ‘हाफ ब्लॅक’. पाठीवरच्या पराच्या आसपासपासून शेपटीच्या बुडापर्यंत धडाचा मागचा भाग काळा किंवा गडद निळा असतो, आणि पुढचा भाग त्याहून स्पष्टपणे फिका राहतो. चांगल्या वाणात हा काळा भाग सलग असतो, मध्ये ठिगळे नसतात, आणि शेपटीचा रंग त्याच्या शेजारी उठून दिसतो. काळे धड आणि पांढरी शेपटी असलेल्या माशाला ‘हाफ ब्लॅक पेस्टल’ म्हणतात, लाल शेपटी असेल तर ‘हाफ ब्लॅक रेड’. या वाणाची मादीही ओळखता येते, कारण तिच्या धडाचा मागचा भागही काळपट असतो : हे जनुक बहुधा एक्स गुणसूत्रावर असते आणि एक्स मादीकडेही असतो.

‘कोब्रा’ किंवा ‘स्नेकस्किन’ याच्या अगदी उलट. डोक्यापासून शेपटीपर्यंत अंगभर बारीक नागमोडी रेषांचे जाळे असते, जणू सापाची कात अंगावर चढवली आहे. ही नक्षी अगदी बारीक, विणलेली असेल तर ‘लेस’ म्हणतात. जाड होऊन उभ्या पट्ट्यांत जमलेली असेल तर ‘किंग कोब्रा’. नक्षी डोक्यावर कितपत चढली आहे, पोटाकडे तुटली आहे का, आणि शेपटीवर तीच नक्षी उतरली आहे का, हे जाणकार पाहतात, कारण धडाची नक्षी आणि शेपटीची नक्षी या दोन जनुकांच्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि क्वचित त्यांची फारकत होते. कोब्राचे जनुक बहुतेक वाणांत वाय गुणसूत्रावर असते, म्हणून कोब्राच्या मुली साध्या करड्या निघतात. त्यांच्यात आणि उरणच्या विहिरीतल्या मादीत नजरेला फरक दिसेलच असे नाही. कोब्रा नर आणि हाफ ब्लॅक मादी अशी जोडी लावली, तर मुलग्यांना बापाकडून कोब्राचा वाय आणि आईकडून काळेपणाचा एक्स मिळतो, आणि ‘टक्सिडो कोब्रा’ तयार होतो. तेच नर-मादी उलट बाजूंनी घेतले, म्हणजे नर टक्सिडो आणि मादी कोब्राच्या घरातली, तर एक्सवरचा काळेपणा मुलींकडे जातो आणि मुलग्यांवर दोन्ही लक्षणे दिसत नाहीत. दोन्हीकडचे आईबाप त्याच दोन वाणांतले, तरी पिल्ले एकमेकांहून पार निराळी. वाण जपणारे लोक नर कुठला आणि मादी कुठली याची नोंद इतक्या काटेकोरपणे का ठेवतात, ते यातून कळते.

‘मॉस्को’ या रशियन वाणात नक्षी नसतेच, असे म्हटले तरी चालेल : डोक्यापासून शेपटीपर्यंत एकच गडद निळा, हिरवा किंवा जांभळा रंग, त्यावर धातूची झाक. हा मासा घाबरला किंवा जोडीच्या मागे लागला की त्याचा रंग काही क्षणांत गडद-फिका होतो, म्हणून पिशवीत बांधलेला मॉस्को पाहून निर्णय घेऊ नये. ‘प्लॅटिनम’मध्ये खांद्यापासून पुढचा भाग पांढऱ्या धातूसारखा चमकतो. ‘जपान ब्लू’मध्ये धडाचा मागचा अर्धा भाग आकाशी निळा असतो आणि तो रंग बाजूने प्रकाश पडल्यावर खुलतो, स्फटिकांच्या पेशींचा हा परिणाम असल्यामुळे टाकीच्या मागून दिवा लावलेल्या दुकानात हाच मासा मळकट वाटतो. ‘कोई’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गप्पीत तोंड आणि शेपटी लाल, मधले अंग फिके असते, आणि ‘फुल रेड’मध्ये लाल रंग सर्वत्र पसरलेला असतो.

तिसरा थर शेपटीवरच्या नक्षीचा. शेपटीभर बारीक, सुटे, गवतातल्या बियांसारखे ठिपके विखुरलेले असतील तर ‘ग्रास’. ठिपके मोठे आणि ठसठशीत असतील तर ‘लेपर्ड’. काळे डाग एकमेकांना जोडले जाऊन ओबडधोबड तुकड्यांची रचना झाली असेल तर ‘मोझेक’. मोझेकमध्ये शेपटीच्या बुडाशी बहुधा गडद निळा भाग असतो आणि तिथून नक्षी बाहेर पसरते. ग्रास आणि मोझेक यांची गल्लत फार होते. दोन्ही मासे एकाच प्रकाशात शेजारी ठेवून ठिपक्यांच्या कडा पाहिल्या, तर ग्रासमधील ठिपके सुटे राहतात आणि मोझेकमधील डाग एकमेकांत मिसळतात, हे लगेच दिसते.

ग्रास वाणाबद्दल एक गोष्ट विस्ताराने सांगण्याजोगी आहे, कारण तिच्यामुळे अनेक प्रामाणिक विक्रेत्यांवर उगाच आळ येतो. ‘ब्लू ग्रास’ची चांगली जोडी आणली आणि तिची पिल्ले वाढवली, की त्यांतली सुमारे निम्मीच निळी निघतात, सुमारे पाव भाग लाल ग्रास असतात आणि उरलेल्या पाव भागाची शेपटी जवळजवळ रंगहीन असते. घेणाऱ्याला वाटते की मिश्र माल गळ्यात मारला. वास्तविक निळा रंग देणारे हे जनुक अंशतः प्रभावी आहे : त्याची एकच प्रत असेल तर ते लाल रंग झाकून निळा दाखवते, प्रत नसेल तर लाल रंग तसाच राहतो, आणि दोन प्रती असतील तर बाकीचा रंगही बराचसा नाहीसा होतो. म्हणजे निळा मासा हा कायमच एका प्रतीचा, आणि निळ्यास निळा लावून पुढची सगळी पिढी निळी मिळणे शक्यच नाही. सगळी पिल्ले निळी हवी असतील, तर लाल ग्रासची जोडी रंगहीन शेपटीच्या भावंडाशी लावावी लागते. दुकानात ज्याला कुणी विचारत नाही असा तो रंगहीन मासा वाण टिकवणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा ठरतो.

चौथा थर परांच्या आकाराचा. युरोपात वापरल्या जाणाऱ्या मानकात शेपटीचे १२ आकार मानले आहेत, आणि त्यांचे तीन गट पडतात. मोठ्या शेपटीच्या गटात पंखा, त्रिकोण म्हणजेच डेल्टा, बुरखा आणि पताका हे आकार येतात. तलवारीच्या गटात शेपटीच्या वरच्या कडेला, खालच्या कडेला किंवा दोन्ही कडांना निघालेली लांब टोके, तसेच वीणेसारखी वाकलेली शेपटी. आणि लहान शेपटीच्या गटात गोल, कुदळीसारखी, भाल्यासारखी आणि गोल पराच्या मध्यातून सुईसारखे टोक निघालेली. भारतीय बाजारात विकला जाणारा बहुतेक माल डेल्टा असतो. उत्तम डेल्टाच्या वरच्या आणि खालच्या कडा सरळ असतात, त्यांच्यात ६० ते ७० अंशांचा कोन असतो, मागची कड फाटलेली किंवा लाटेसारखी नसते, आणि पाठीवरचा पर शेपटीच्याच रंगाचा असतो. हा शेवटचा मुद्दा नवखे लोक हमखास विसरतात. शेपटी लालभडक आणि पाठीचा पर पारदर्शक अशी जोड दिसली, की वाण अजून पक्का झालेला नाही असे समजावे.

तलवारीच्या गटाकडे आपल्याकडे दुर्लक्ष होते, आणि ते योग्य नाही. दोन्ही कडांची टोके सारख्या लांबीची, मधला भाग पारदर्शक आणि मासा चपळ, असा ‘डबल स्वोर्ड’ दिसायला जितका डौलदार तितकाच पोसायला सोपा असतो, कारण त्याला जड शेपटीचे ओझे वाहावे लागत नाही. डेल्टाचा नर वय वाढले की शेपटीच्या भाराने पाठीतून वाकतो, आणि त्याच्या शेपटीच्या कडा किरकोळ संसर्गानेही झिजतात.

इतर परांवरून पडणारे वाणही आहेत. ‘डम्बो इअर’मध्ये कल्ल्यांमागचे दोन पर मोठे, हत्तीच्या कानांसारखे पसरतात. ‘रिबन’ आणि ‘स्वॉलो’ या वाणांत पोटाखालचे पर लांबलचक फितींसारखे लोंबतात. फितींच्या नरात गोनोपोडियमही तसाच लांबतो, त्यामुळे तो मादीच्या शरीरात शुक्राणू सोडूच शकत नाही. हा वाण पुढे न्यायचा, तर लांब परांच्या मादीला तिचा आखूड परांचा भाऊ लावावा लागतो. अशा वाणाची ‘जोडी’ म्हणून लांब परांचा नर आणि लांब परांची मादी एकत्र विकली जाते, तेव्हा घेणाऱ्याच्या घरी पिल्ले होत नाहीत, आणि दोष पाण्याला दिला जातो.

हे चार थर एकत्र कसे वाचायचे, ते एका माशावर पाहता येईल. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावा शेवा अटल सेतूचे उद्घाटन झाल्यापासून या भागातील हौशी माणसाला मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमधील माशांच्या दुकानांपर्यंत पोहोचणे सोपे झाले आहे. तिथे ‘ब्लू ड्रॅगन’ अशा नुसत्या भारदस्त नावाने एखादा नर विकायला ठेवलेला असेल, तर ते नाव क्षणभर बाजूला ठेवावे. डोळा काळा आणि पाठीवर जाळी स्पष्ट असेल, तर मूळ रंग ग्रे. धडावर नागमोडी जाळे असून शेपटीकडे ते काळपट होत गेले असेल, तर कोब्रा आणि हाफ ब्लॅक या दोन्हींचा वारसा. शेपटीवर जोडलेले निळे-काळे तुकडे, म्हणजे मोझेकची छटा. शेपटी त्रिकोणी, पण पाठीचा पर फिका. या माशाचे वर्णन ‘ग्रे, हाफ ब्लॅक कोब्रा, निळी मोझेक शेपटी, डेल्टा’ असे होते, आणि हे वर्णन कोल्हापूरच्या किंवा कोलकात्याच्या हौशी माणसालाही समजते, तर ‘ब्लू ड्रॅगन’ म्हणजे काय ते दुकानागणिक बदलते.

वयाचे भान मात्र ठेवावे लागते. नरावर रंगाच्या खुणा तीन-चार आठवड्यांपासून दिसू लागल्या, तरी शेपटीचा पूर्ण पसारा पाच-सहा महिन्यांनी येतो. दोन महिन्यांच्या डेल्टा नराची शेपटी पंख्यासारखी अरुंद दिसते आणि त्याला कमअस्सल ठरवले जाते. पाण्याचाही परिणाम होतो. गप्पीला किंचित क्षारयुक्त, जड पाणी मानवते, तर रायगडच्या धरणांतून नळाला येणारे पाणी पावसाच्या साठवणीचे आणि सामान्यतः मृदू असते. अशा पाण्यात पर मिटून राहतात, मासा शेपटी उघडत नाही, आणि आकार वाचताच येत नाही. टाकीत थोडे शंखशिंपल्यांचे तुकडे ठेवल्यास हा दोष बराच कमी होतो.

गप्पीसारखाच दिसणारा ‘एंडलर’ नावाचा लहान, झळाळत्या रंगांचा मासा बाजारात असतो. व्हेनेझुएलातील कुमाना शहराजवळच्या सरोवरातून जॉन एंडलर यांनी तो १९७५ मध्ये मिळवला आणि २००५ मध्ये त्याचे वेगळी जाती म्हणून वर्णन झाले. तो गप्पीशी सहज संकर पावतो, आणि बाजारातील पुष्कळसा माल संकरितच आहे; म्हणून एंडलर आणि गप्पी एका टाकीत ठेवू नयेत, ठेवल्यास पिल्लांना दोहोंपैकी कोणतेच नाव देऊ नये.

याच एंडलर यांनी गप्पीवर केलेला आणि १९८० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग न्हावा शेव्याच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. त्यांनी कृत्रिम तळ्यांत गप्पी वाढवले, काही तळ्यांत त्यांना खाणारे शिकारी मासे सोडले, आणि काही पिढ्यांतच शिकारी असलेल्या तळ्यांतील नरांच्या अंगावरचे रंगीत ठिपके कमी आणि लहान झाले. शिकारी नसलेल्या तळ्यांत रंग वाढत गेला, कारण तिथे निवड मादीच्या पसंतीने होत होती. खंड्या आणि बगळे ज्या पाण्यावर टपून असतात, तिथे सोडलेला भडक डेल्टा नर फार काळ टिकत नाही, आणि त्याची जी संतती टिकते ती पिढ्या सरतील तशी करडी आणि आखूड शेपटीची होत जाते. त्यामुळे टाकीतले नकोसे झालेले फॅन्सी गप्पी उरणच्या पाणथळींत किंवा भातखाचरांत सोडून डासांना आळा घालता येईल, ही समजूत चुकीची आहे. उलट तिथल्या मूळच्या लहान माशांच्या अन्नात आणि जागेत त्यामुळे वाटेकरी वाढतात. अळ्या खाण्यासाठी गप्पी हवेच असतील, तर ते आरोग्य केंद्राच्या पैदास हौदातून घ्यावेत आणि बंदिस्त पाण्यातच सोडावेत. फॅन्सी वाणांतले नको असलेले मासे दुसऱ्या हौशी माणसाला द्यावेत, आणि देताना पिशवीवर व्यापारी नावाऐवजी मूळ रंग, धडाची नक्षी, शेपटीची नक्षी, परांचा आकार आणि आईबापांचे वाण एवढे लिहून द्यावे.